मेट्रो येईल तेव्हा येईल, बस आज हवी

 

आज मी तुमच्याशी पुण्यातल्या एका रस्त्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, केशोरीत राहून हिला पुण्याच्या रस्त्याचं काय पडलंय? पण जरा आठवून बघा. आपल्या आजूबाजूच्या प्रत्येक गावातली दोन-चार पोरं-पोरी आज पुण्यात आहेत. कोणी कंपनीत, कोणी दवाखान्यात, कोणी शिकायला. धान निघालं की कामासाठी जाणारी जोडपीही आहेत. त्यांचा दिवस कसा जातो हे पगारावर जितकं ठरतं, तितकंच घर ते काम या वाटेवर ठरतं.

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि चहा उकळेपर्यंत याच विषयावरून दोघींची चांगलीच जुंपली. एका काकूंची मुलगी पुण्यात कात्रजला खोली करून राहते आणि स्वारगेटच्या पलीकडं एका दवाखान्यात काम करते. काकू म्हणाल्या, "आता कात्रजपर्यंत जमिनीखालून मेट्रो येणार आहे. पोरीचे हाल संपतील." दुसऱ्या ताईंचा मुलगा आणि सून त्याच भागात राहतात. त्या म्हणाल्या, "मेट्रो येईल तेव्हा येईल. त्या रस्त्यावर बससाठी वेगळी वाट केली होती. तीच धड ठेवली असती तर सुनेला आज वेळेवर पोचता आलं असतं."

दोघींचंही बोलणं खरं होतं. म्हणून मी त्यावर थोडं वाचलं, पुण्यातल्या पोरींना फोन करून विचारलं. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगते.

तो रस्ता म्हणजे पुणे-सातारा रस्ता. स्वारगेटपासून पद्मावती, बालाजीनगर, धनकवडी करत कात्रजला जातो. अंतर साधारण साडेपाच किलोमीटर. एवढं अंतर आपण बाया सव्वा तासात पायी चालून जाऊ. पण गर्दीच्या वेळी त्या रस्त्यावर बसचीही गत बैलगाडीसारखी होते, असं पोरी सांगतात.

या रस्त्याची एक ओळख आहे. बीआरटी नावाचा प्रकार भारतात पहिल्यांदा इथंच झाला. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर तो सुरू झाला. बीआरटी म्हणजे रस्त्याच्या मधोमध फक्त बससाठी राखलेला पट्टा. त्यात मोटार नाही, दुचाकी नाही, रिक्षा नाही. बाजूला कितीही गर्दी असली तरी बस सरळ निघून जायची, अशी ती कल्पना. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाच्या राजधानीत, बोगोटा शहरात, २००० साली अशी बससेवा सुरू झाली आणि जगभरातून लोक ती बघायला जाऊ लागले. जमीन खोदायची नाही, पूल बांधायचे नाहीत, आहे त्याच रस्त्याची वाटणी नीट करायची.

वाटणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. हिशोब करून बघा. एका बसमध्ये साठ माणसं बसून-उभी जातात. तीच साठ माणसं मोटारीतून निघाली, एका मोटारीत दीड माणूस धरला, तर चाळीस मोटारी लागतात. बस बारा मीटर लांब. चाळीस मोटारी एकामागे एक नुसत्या चिकटून उभ्या केल्या तरी दीडशे मीटरच्या वर रांग होते. चालत्या रस्त्यावर तर त्याहून कितीतरी जास्त. मग ज्या वाहनातून साठ जण जातात त्याला रस्त्याचा एक पट्टा दिला, तर त्यात अन्याय कुठं झाला? पण मोटारीतल्या माणसाला वाटतं की आपला रस्ता काढून घेतला.

आता दुसरी बाजू. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा सुरू झाला आणि पिंपरीकडून येणारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचली. त्याच्या साधारण दीड महिना आधी, १६ ऑगस्ट २०२४ ला, केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वारगेट ते कात्रज या पुढच्या वाढीव मार्गाला मंजुरी दिली. लांबी ५.४६ किलोमीटर, सगळा मार्ग जमिनीखालून, खर्च २,९५४ कोटी ५३ लाख रुपये, स्थानकं तीन, आणि गाडी सुरू करायची मुदत फेब्रुवारी २०२९. आपण विदर्भातल्या बायांनी नागपूरची मेट्रो पाहिली आहे, ती खांबांवरून धावते. ही मात्र भुयारातून जाणार.

म्हणजे ज्या रस्त्यावर आधी बसची वाट केली, त्याच दिशेनं आता मेट्रोचं भुयार. म्हणून भांडण असं की, आधीच्यावर पैसा का नाही लावला आणि नव्यावर एवढा का लावायचा?

मैत्रिणींनो, आपल्या गटात कोणी कर्ज मागायला आली की आपण तिला काही प्रश्न विचारतो. कर्ज कशासाठी? त्याचा उपयोग घरात कोणाकोणाला? म्हैस घेतलीस, पण ती दूध देईपर्यंत घर कशावर चालेल? आणि तिची राखण, चारापाणी कोण करणार? मला वाटतं सरकारच्या कोट्यवधीच्या कामांनाही हेच प्रश्न लागू पडतात.

पहिला प्रश्न, पैसा. २,९५४ कोटींना ५.४६ नं भागलं तर एका किलोमीटरला पाचशे चाळीस कोटींच्या वर जातात. भुयार महागच असतं. पैसा केंद्र आणि राज्य मिळून देणार, बाहेरच्या संस्थांचं कर्जही घेणार. बसच्या पट्ट्याला याच्या तुलनेत फार थोडं लागतं. पण नुसतं स्वस्त म्हणून चांगलं असं आपण गटातही म्हणत नाही. स्वस्तातली शिलाई मशीन चार महिन्यांत बंद पडली तर ती महागच पडते. शिवाय भुयार एकदा झालं की पुढच्या दोन पिढ्यांना कामाला येतं. मेट्रोच्या तीन डब्यांत एका वेळी नऊशेच्या आसपास माणसं मावतात. आमच्या मेट्रोवाल्या काकूंचा हा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही.

दुसरा प्रश्न, उपयोग कोणाला. इथं आपण बायांनी जास्त लक्ष द्यायला हवं. पुरुष बहुतेक घरातून निघतो, कामावर जातो, परत येतो. बाईचं तसं नसतं. ती मुलाला शाळेत सोडते, तिथून कामावर जाते, येताना भाजी घेते, औषध घेते, सासूला दवाखान्यात दाखवते. तिचा प्रवास तुकड्यातुकड्यांचा. तिला थोड्या थोड्या अंतरावर उतरायला मिळालं पाहिजे. बसचे थांबे जवळजवळ असतात. मेट्रोची स्थानकं लांब लांब. साडेपाच किलोमीटरला तीनच स्थानकं म्हटल्यावर तिथल्या रहिवाशांनीही अजून स्थानकं मागितली, आणि नंतर बालाजीनगर आणि बिबवेवाडी अशी दोन वाढवायचं ठरलं. मागितलं म्हणून मिळालं, हेही लक्षात ठेवा.

जमिनीखाली उतरणं-चढणं हाही भाग आहे. पुण्यातलं सिव्हिल कोर्ट स्थानक जमिनीखाली ३३ मीटर खोल आहे. आपल्याकडच्या कितीतरी विहिरी याच्या अर्ध्याही नसतील. सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, पण हातात पिशवी, कडेवर लेकरू, आणि दोन स्थानकं जायचंय, तर बाई बसच पकडेल.

तिकिटाचंही बघा. १ जून २०२५ पासून पुण्याच्या पीएमपी बसचं सगळ्यात कमी तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं. मेट्रोचंही कमीत कमी तिकीट १० रुपये. घरापासून स्थानकापर्यंत बस, मग मेट्रो, मग पुन्हा बस, म्हणजे सुटी तिकिटं काढली तर एका बाजूला तीस रुपये, दिवसाचे साठ. दिवसाला चार-पाचशे कमावणाऱ्या बाईला हा आकडा लहान नाही. आपल्याकडं एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण ती सवलत पीएमपीत चालत नाही. पीएमपी एसटीची नाही, ती पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे. पुण्याला जाणाऱ्या पोरींना हे आधीच सांगून ठेवा.

तरीही मेट्रोची एक मोठी बाजू आहे. वेळ. स्वारगेटला कितीही गर्दी असो, पाऊस असो, गणपतीची मिरवणूक असो, भुयारातली गाडी ठरल्या मिनिटाला पोचते. स्थानकात उजेड असतो, कॅमेरे असतात, माणसं असतात. संध्याकाळी उशिरा सुटणाऱ्या पोरीला अंधारात थांब्यावर ताटकळत उभं राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. काकूंची मुलगी फोनवर मला हेच म्हणाली, "ताई, मला लवकर पोचण्यापेक्षा कधी पोचेन ते कळायला हवं."

तिसरा प्रश्न, मधल्या काळाचा. मेट्रोला मंजुरी मिळाली २०२४ ला, मुदत आहे २०२९ ची. म्हणजे साडेचार वर्षं. मंजुरीच्या वेळी सातवीत असलेली मुलगी तोवर बारावीच्या आसपास पोचेल. ही साडेचार वर्षं त्या बाया कशानं जाणार? बसनंच. आणि काम चालू असताना रस्ता अडतो, वाहतूक वळवतात, तेव्हा बसला जास्त त्रास होतो. म्हणजे ज्या काळात बस सगळ्यात चांगली चालायला हवी, नेमक्या त्याच काळात तिच्याकडं दुर्लक्ष व्हायची भीती. "आता मेट्रो येतेच आहे" असं म्हणून बसचं काम मागं टाकणं फार सोपं असतं.

बस किती हव्यात याचं सरकारचं स्वतःचंच माप आहे. केंद्रानं शहरी वाहतुकीसाठी जे निकष ठरवले, त्यात चांगल्या सेवेसाठी हजार लोकांमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला साठ बस, असं धरलं आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेतच ४८ लाखांवर लोक होते. त्या हिशोबानं २,९०० बस लागतात. पीएमपीच्या बस दोन हजारांच्या आसपास. आणि २०११ नंतर लोक वाढतच गेले आहेत.

आता चौथा प्रश्न, राखणीचा. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचं मूळ इथं आहे.

सातारा रस्त्यावरचा बसचा पट्टा का फसला? बस वाईट होती म्हणून नाही. पट्टा होता, पण त्यात दुचाक्या आणि मोटारी शिरू लागल्या. अडवायला माणूस उभा असला तर थांबायच्या, नसला की पुन्हा शिरायच्या. थांबे रस्त्याच्या मधोमध, पण तिथपर्यंत बाईनं आणि म्हाताऱ्यानं धावत्या गाड्यांतून जायचं कसं, याची सोय सुरुवातीला धड नव्हती. चौक आला की पट्टा संपायचा आणि बस पुन्हा त्याच गर्दीत अडकायची. पुढं दुरुस्तीसाठी रस्ता पुन्हा उकरला. स्वारगेट ते हडपसरचा पट्टा मोडीत निघाला. नगर रस्त्यावर २०१६ साली सुरू झालेल्या मार्गाचा काही भाग २०२३ पासून काढून टाकला. आणि लोक म्हणू लागले, बीआरटी चालतच नाही.

दिल्लीतही असंच झालं. २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा पट्टा केला. मोटारवाल्यांनी ओरड केली आणि २०१६ मध्ये तो उखडला. पण अहमदाबादला २००९ मध्ये सुरू झालेली जनमार्ग बस आजही चालते. तिथं पट्ट्याला कठडे आहेत, थांबे बंदिस्त आहेत, तिकीट थांब्यावरच काढता येतं आणि बसचा तळ फलाटाच्या उंचीला असतो, त्यामुळं चढताना पाय उचलावा लागत नाही. वस्तू तीच. एकीकडं राखण झाली, दुसरीकडं झाली नाही.

भुयारात मात्र कोणी मोटार घालू शकत नाही. मेट्रो वेळेवर धावते याचं निम्मं कारण हेच आहे की तिच्या वाटेवर दुसऱ्या कोणाला पाय ठेवता येत नाही. बसला तेवढी मोकळी वाट दिली आणि राखली, तर बसही वेळेवर धावेल. पण रस्त्यावरची जागा राखायची तर मोटारवाल्यांना नाही म्हणावं लागतं. त्यांचा आवाज मोठा असतो, ओळखी वरपर्यंत असतात. नाही म्हणण्यापेक्षा जमीन खोदणं सरकारला सोपं वाटतं, मग त्याला किलोमीटरला पाचशे चाळीस कोटी लागले तरी चालतात. बसमधल्या बाईचा आवाज कुठं पोचतो? ती उभ्यानं प्रवास करून घरी येते आणि भाकरी थापायला बसते.

म्हणून बैठकीतल्या भांडणावर माझं मत विचाराल तर असं. मेट्रो होऊ द्या. ती मंजूर झाली आहे, लाखो लोकांना कामी येईल, वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. पण मेट्रोच्या नावाखाली बस कमी करू नका, उरलेला पट्टा मोडू नका, थांब्यापर्यंत पोचायची वाट नीट करा. मेट्रो झाली तरी स्थानकापासून घरापर्यंत बसच लागणार आहे. बसशिवायची मेट्रो म्हणजे दोरीशिवायची विहीर. पाणी आहे, पण घागर भरत नाही.

आता हे सगळं आपल्याला का सांगितलं? आपल्याकडं ना मेट्रो, ना बसचा पट्टा. पण हीच गोष्ट आपल्या दारातही आहे. अर्जुनीला रेल्वे आहे, चांगली सोय आहे. पण केशोरीच्या बाईला स्टेशनपर्यंत जायला बसच लागते. आपल्या मुली शिकतात त्या कशाच्या जोरावर? पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे ती. मानव विकासची निळी बस आहे. ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती मुली घरी बसल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मुलाला सायकल मिळते, मोटारसायकलवर कोणी सोडून देतं. मुलीची बस बंद झाली की आधी शाळा बंद होते, आणि मग घरात लग्नाची बोलणी सुरू होतात.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं. फार चांगली गोष्ट. माहेरी जाणं, तालुक्याला जाणं, मिरची घेऊन बाजारात जाणं सोपं झालं. पण अर्धं तिकीट कामाला येतं ते पूर्ण बस आली तरच. फेरीच रद्द झाली तर सवलत कोणाला दाखवायची?

पुण्याच्या बसचा पट्टा गेला कारण त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी जोरात उभं राहिलं नाही. आणि मेट्रोची दोन स्थानकं वाढली कारण लोकांनी मागितली. यातून आपण शिकायचं ते एवढंच.

तेव्हा माझं तुम्हाला एक सांगणं आहे. प्रत्येक गटानं एक साधी वही करायची. बसची वही. आपल्या थांब्यावर कोणती फेरी किती वाजता यायला हवी, किती वाजता आली, आली की नाही, एवढंच महिनाभर लिहायचं. शाळेत जाणाऱ्या मुलीच लिहितील, त्या रोज थांब्यावर असतातच. महिन्याच्या शेवटी गटाच्या बैठकीत ती वही वाचायची. ज्या फेरीचा त्रास जास्त, तिच्यावर महिला सभेत ठराव घ्यायचा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे, नुसत्या सह्या करायची ती जागा नाही. तोच ठराव ग्रामसभेत मांडायचा आणि वहीची प्रत जोडून आगारप्रमुखांना द्यायचा. पोच घ्यायला विसरायचं नाही.

"बस वेळेवर येत नाही" असं तोंडी सांगितलं की समोरचा ऐकून घेतो आणि विसरतो. "या महिन्यात सकाळची फेरी नऊ दिवस आली नाही, या तारखांना" असं लिहून दिलं की त्याला उत्तर द्यावं लागतं. गटाचा हिशोब आपण पैशापैशानं ठेवतो, तसाच आपल्या वेळेचाही ठेवूया.

आणि पुण्याला असलेल्या आपल्या पोरींनाही फोन करून सांगा. तिथल्या बसचीही अशीच वही ठेवा म्हणावं. शहरात राहिलं म्हणून मागायचं सोडू नका.

पुढच्या महिन्यात कोणाच्या वहीत काय निघालं ते मला कळवा. त्यातलं रेडिओवर वाचून दाखवू. येते मी. नमस्कार.